उसना पट

सोमवारी सकाळी विद्यालयाच्या पायऱ्या चढता चढता शालनबाईंची नजर मागच्या अंगणाकडे गेली आणि त्या जागच्या जागी थांबल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. निळे झगे, पांढरे सदरे, खाकी चड्ड्या. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात हलत असलेले चाळीस-पन्नास गणवेश. क्षणभर, आणि त्या क्षणाची लाज पुढे चार दिवस त्यांना पुरली, त्यांच्या मनात निव्वळ आनंद उसळला : मुले आली. कुठून आली, कशी आली, आणि आलेल्या मुलांचे कपडे शाळेच्या दोरीवर कशासाठी, असले प्रश्न त्या आनंदाला सुचले नाहीत. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी दारात उभे राहून हाक मारावी तसे त्यांना झाले. मग नळाजवळ ओचा खोचून बसलेली उत्कर्षा दिसली. ती एका कोऱ्या सदऱ्याची कॉलर दगडावर घासत होती, आणि घासून झाली की उजेडात धरून पाहत होती. मळ निघाला का हे ती पाहत नव्हती. कापड पुरेसे विटले का, हे पाहत होती.

उत्कर्षा वाशीमची. भाऊ संतोष चाकणच्या कारखान्यात लागला, त्याच्या खोलीवर राहून ती इथे शिक्षिका व्हायला शिकत होती, पहिल्या वर्षाला. शालनबाईंना पाहून ती उठली नाही, फक्त हात थांबवले. कार्यवाहसाहेबांनी सांगितले आहे, असे ती म्हणाली. तीनदा धुवायचे, ही तिसरी वेळ, नवे दिसता कामा नयेत. गुरुवारी तपासणीची समिती येणार आहे ना. शालनबाईंनी विचारले, हे घालणार कोण? उत्कर्षाने त्यांच्याकडे असे पाहिले, की हे तुम्हांला ठाऊक नाही यावर आपला विश्वास बसत नाही, आणि बसला तर वाईट वाटेल.

खाली सराव शाळा आणि तिच्या डोक्यावर अध्यापक विद्यालय अशी नारायण पेठेतल्या त्या इमारतीची रचना होती. बारावी झालेल्या मुली वर शिकवायला शिकत आणि जे शिकत ते खाली येऊन मुलांवर करून पाहत. शालनबाई सव्वीस वर्षे या दोन मजल्यांमधल्या जिन्यावर वावरत आल्या होत्या. त्या आल्या तेव्हा खालच्या शाळेचा पट, म्हणजे हजेरीपत्रकातल्या नावांची संख्या, चारशेच्या वर होती आणि एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या. मग पेठेतली घरे नदीपलीकडे कोथरूडला गेली. घरांच्या पाठोपाठ मुले गेली, आणि कोथरूडला गेलेली मुले इंग्रजीत गेली. रिकाम्या झालेल्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी तरुण मुले आली, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली खाणावळी निघाल्या, आणि त्या खाणावळींत पोळ्या लाटायला, भांडी घासायला, दाराशी गाड्या राखायला जी माणसे वाशीम, हिंगोली, परभणीकडून आली त्यांची मुले आता या शाळेत होती. चारी इयत्ता मिळून सतरा. एकाच खोलीत बसत. वरच्या मजल्यावरही तोच उतार. एकेकाळी एका जागेला सहा अर्ज येत. शिक्षकभरती थांबून तीन वर्षे झाल्यावर आता सगळ्या मिळून बारा मुली उरल्या होत्या. ज्याला उद्या वर्गच मिळणार नाही त्याला वर्ग कसा सांभाळावा हे शिकवायचे, आणि तेही जिथे वर्ग उरलेला नाही तिथे, हा व्यवहार शालनबाईंना अलीकडे एखाद्या कोरड्या तलावाच्या काठावर बसून पोहण्याच्या हातवाऱ्यांना गुण देण्यासारखा वाटे. पण गुण त्या देत होत्या, आणि चोख देत होत्या.

संस्थेचे कार्यवाह रावसाहेब दुपारी भेटले. त्यांनी मान वर न करता विचारले, "चहा सांगू, की थेट भांडणालाच सुरुवात करू या?" शालनबाई म्हणाल्या की चहा त्या आधीच पिऊन आल्या आहेत. मग रावसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. त्यात लपवाछपवी नव्हती, हेच त्यांचे बळ. विद्यालयाची मान्यता पुढे चालू ठेवण्याच्या अर्जात सराव शाळेचा पट अठ्ठेचाळीस लिहिला होता. सोडून गेलेल्या मुलांची एकतीस नावे कुणी कमी केलीच नव्हती. तेव्हा गुरुवारी संस्थेच्याच कोथरूडच्या इंग्रजी शाळेतून अठ्ठेचाळीस मुले बसने येतील, हे गणवेश घालतील, हजेरीत नाव पुकारले की हजर म्हणतील आणि शालनबाई त्यांच्यावर नमुना पाठ घेतील. सव्वीस वर्षांचा हात, समिती पाहत राहील. आणि आपली सतरा? ती सतरा, रावसाहेब म्हणाले, त्याच बसने कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघ पाहायला जातील. बस दोन्ही खेपा एकाच भाड्यात करते.

"त्यांना त्यांच्याच शाळेतून घालवायचं?"

"एक दिवस. एक दिवस बाहेर ठेवायचं, म्हणजे तीनशे चौसष्ट दिवस आत बसता येईल. ही मुलं समितीसमोर बोलली की सगळं बोलून टाकतात, हे तुम्हीच मला सांगितलंय. बाई, तत्त्व मलाही कळतं. पण तत्त्वाला मान्यता लागत नाही, विद्यालयाला लागते." आणि मग, चष्मा पुन्हा चढवीत, कोरड्या आवाजात : "त्या मुलांत तुमची नातही आहे. घरचाच पाठ समजा."

नातीला त्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तीन वर्षांपूर्वी शालनबाई स्वतः याच खुर्चीसमोर येऊन बसल्या होत्या. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. रावसाहेब तेही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. माणूस सभ्य होता.

संध्याकाळी कोथरूडच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कर्वे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवण्यांच्या पाट्या मागे सरकत होत्या. अमुक सरांचे गणित, तमक्या बाईंचे संभाषण, तीन महिन्यांत आत्मविश्वास. या पाट्यांकडे त्या रोज तुच्छतेने पाहत. आज ती तुच्छता टिकेना. आपण तरी दुसरे काय विकत आलो, असे वाटत राहिले. कारण शालनबाईंच्या पाठाचे सगळ्या पुण्यात नाव होते, आणि ते एकाच गोष्टीसाठी होते : त्यांच्या वर्गात मूल कधी निरुत्तर होत नसे. प्रश्न असा बांधायचा की उत्तर त्याच्या पोटातच असावे; मुलाने नुसते उचलून द्यावे. पाठाच्या टाचणात डाव्या रकान्यात प्रश्न आणि उजव्या रकान्यात अपेक्षित उत्तर, आणि दोन्ही रकाने अखेरपर्यंत भरलेले; रिकामी चौकट दिसली की त्या टाचण परत करीत. सव्वीस वर्षांत दीड हजार मुलींच्या हाताला त्यांनी हे वळण लावले. आणि आज रावसाहेबांनी जे मांडले होते ते त्याच विद्येचे पुढचे पाऊल नव्हते काय? उत्तर आधी ठरले, की ते देणारे मूलही आधी ठरवून आणायला हरकत कोणती? हा विचार त्यांनी दोनदा परतवला. तिसऱ्यांदा तो शेजारी येऊन बसला आणि उठेना.

खडकीला, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत त्या वाढल्या. वडील धोंडिबा कारखान्यात मोळ्या वाहत. छप्पन साली वस्तीने धम्म घेतला, त्याच वर्षी शालनचा जन्म. त्यामुळे धोंडिबांना ही पोर नव्या मनूची वाटे आणि तिच्या बाबतीत ते जरा जास्तच ताठ वागत. तिसरीत असताना एकदा दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. आदल्या दिवशी गुरुजींनी वस्तीतल्या तीन मुलींना बाजूला घेऊन सांगितले, उद्या येऊ नका, जागा कमी पडेल. गुरुजी काही दुष्ट नव्हते. आवाज मऊ होता, त्यांनी शालनच्या डोक्यावर हातही ठेवला. दुसऱ्या दिवशी धोंडिबा कामावर गेलेच नाहीत. पोरीला हाताला धरून वर्गात नेली, पहिल्या रांगेत बसवली आणि स्वतः बाहेर कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत. दिपोटी आले. त्यांनी नेमके तिलाच उठवले आणि नकाशात पुणे दाखव म्हणाले. तिने भिंतीवरच्या त्या रंगीत कापडाकडे पाहिले. आपण उभ्या आहोत ते गाव त्या कापडात असेल हेच तिला पटेना. ती उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. खिडकीतून भिंतीवर बसलेल्या बापाचे पाय दिसत होते. गुरुजी हलके हसले, अगदी हलके, आणि साहेब म्हणाले, बस. घरी जाताना धोंडिबांनी विचारले, काय विचारलं साहेबानं? ती म्हणाली, मला नाही विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "विचारतील. पुढच्या साली विचारतील." ते वारले तेव्हा शालन विद्यालयात प्राध्यापिका होती. हे खोटे मात्र तिने शेवटपर्यंत दुरुस्त केले नाही. पुढे जगात कुठल्याही पोरीवर तसे उभे राहण्याची पाळी येऊ नये म्हणून तिने प्रश्न विचारण्याची एक बिनधोक कला घडवली. तिला वाटले, आपण त्या गुरुजींवर मात केली. बस वनाज कंपनीच्या वळणाला आली तेव्हा शालनबाईंच्या ध्यानात आले, की मात वगैरे काही नव्हे. गुरुजींनी निरुत्तर मुले वर्गाबाहेर ठेवली, आपण निरुत्तर होणेच वर्गाबाहेर ठेवले. मूल दोन्हीकडून बाहेरच राहिले.

घरी दार उघडले ते नातीने, सम्यकाने. ती आठ वर्षांची होती आणि तिच्याजवळ गुपित होते. गुरुवारी आपण आजीच्या शाळेत येणार, टीचरने सगळ्यांना नवी नावे दिली आहेत, कुणाला सांगायचे नाही. मग ती सरळ उभी राहिली, हात पाठीमागे बांधले आणि घोकून आलेल्या सुरात म्हणाली, "सृष्टी नागोराव इंगोले. हजर, बाई."

स्वयंपाकघरातून सून शर्मिला हसली. शालनबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सृष्टी नागोराव इंगोले ही तिसरीतली, खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, पाढे बोटांवर म्हणणारी मुलगी होती. तिचा बाप नागोराव मोटारींच्या वाहनतळावर पहारा करी, आई दुर्गाबाई शाळेमागच्याच खाणावळीत पोळ्या लाटी. दोन तासांपूर्वी ती जिन्यात भेटली होती.

"आजी, मग खरी सृष्टी त्या दिवशी कुठे असणार?"

"कात्रजला. वाघ बघायला."

सम्यकाने क्षणभर हिशेब घातला. "चीटिंग आहे. मला पण वाघच बघायचाय."

जेवणानंतर मुलाशी, रोहनशी, बोलणे झाले. अमेरिकेतल्या कचेरीशी ठरलेले त्याचे बोलणे अर्ध्या तासावर होते. कानांवरचा हेडफोन गळ्यात घेऊन तो बसला आणि आईचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. संगणकाच्या मोठमोठ्या प्रणालींमधले दोष शोधून काढण्याचा पगार त्याला मिळत असे, आणि त्याने आईच्या बोलण्यातला दोष चटकन शोधला. सम्यकाला इंग्रजीत घालायचे आम्ही ठरवले तेव्हा तू अडवले नाहीस, तो म्हणाला. उलट शब्द टाकायला तूच गेलीस. माझ्यासारख्या हजार जणांनी मुले काढली म्हणून तुझी शाळा ओस पडली. मग एका दिवसासाठी आमचीच मुले परत येत असतील तर तक्रार कसली? शालनबाईंना मुलाचा हा सरळपणा आवडला. त्यांनीच त्याला असे वाद घालायला शिकवले होते.

"गेले होते शब्द टाकायला," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीसाठी जागा मागितली. दुसऱ्या पोरीचं नाव मागायला गेले नव्हते."

"आई, चौदा महिने राहिलेत. तू मान खाली घालून इतकी वर्षं काढलीस..."

"मान खाली घालून काढली असती तर तू या खुर्चीवर नसतास." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "सम्यका येऊ दे गुरुवारी. तिला घरी ठेवायचं नाही. पण येईल ती सम्यका म्हणून."

बुधवारी मधल्या सुटीत त्या खाणावळीच्या मागच्या दाराशी गेल्या. सहलीच्या संमतीच्या कागदावर दुर्गाबाईंनी अंगठा दिला होता आणि पोरीला वाघ दिसणार म्हणून त्या खुशीत होत्या. शालनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले : कोण येणार, का येणार, सृष्टीचे नाव कुणाला दिले आहे, आणि सहल मोडली तर शाळाही कदाचित मोडेल. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर आपण ताठपणा करतो आहोत की काय, ही शंका पूर्ण मिटलेली नव्हती. दुर्गाबाईंनी लाटणे थांबवले नाही. एक पोळी तव्यावर टाकली, दुसरी उलटली.

"नाव माह्या पोरीचं अन् हजर दुसरी?" त्या म्हणाल्या. "वाघ तं रविवारी बी दिसते, बाई. शाळा रविवारी नसते ना." आणि थोड्या वेळाने, पाठमोऱ्याच : "उद्या तेल लावून पाठवतो तिले. तुम्ही बसवा."

मुलांना बसमध्ये चढवण्याचे काम उत्कर्षाकडे होते. शालनबाईंनी तिला आज्ञा केली नाही. शाळेचा पट खरा कळला तर मान्यता जाण्याची शक्यता मोठी आहे, तसे झाले तर पहिल्या वर्षाच्या मुलींना दुसऱ्या विद्यालयात पाठवतील, कदाचित यवतमाळला, कदाचित अकोल्याला, एवढे तिच्यासमोर मांडले. उत्कर्षा बराच वेळ नखाने बादलीची कड खरवडत राहिली. "अकोला तं मले घराजवळ पडते, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "तसंही सहा महिने मी तुमच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करवून घेतली लेकरांकडून. एकदा खरा पाठ पाहू द्या." हे बोलणे टोचले. टोचावे असेच होते.

गुरुवारी साडेदहाला बस आली. अठ्ठेचाळीस मुले उतरली, विटवलेले निळे-पांढरे कपडे घातलेली, एकमेकांना कोपरांनी ढोसत, नव्या नावांनी हाका मारून खिदळत. सतरा मुले मात्र बसमध्ये चढली नाहीत. उत्कर्षा त्यांना घेऊन आधीच वर्गात बसली होती. चालकाने दोनदा भोंगा वाजवला. शालनबाईंनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे रोज लिहितात तिथेच, खडूने लिहिले : पट सतरा, हजर सतरा. आकडे नेहमीपेक्षा जरा मोठे आले. मग भिंतीकडेने सतरंज्या अंथरवल्या आणि कोथरूडची मुले त्यांवर बसवली. तुम्ही आज पाहुणे, तुमचे जे नाव आहे तेच तुमचे नाव, असे सांगितले. सम्यकाने पहिल्या ओळीत जागा पटकावली. तिने आजीला शिकवताना कधी पाहिले नव्हते.

रावसाहेब दारात आले. त्यांनी फळा वाचला, बाके पाहिली, सतरंज्या पाहिल्या. "बाई, हे काय चाललंय?"

"वर्ग," शालनबाई म्हणाल्या.

ते आणखी काही बोलले असते, पण जिन्यावर पावले वाजली. समितीत तिघे होते; अध्यक्ष साताऱ्याकडचे निवृत्त प्राचार्य, हातात कागदांची चळत, मुद्रा अशी की फसवले जाण्याची सवय आहे आणि त्याचा आता रागही येत नाही. त्यांनी मुले मोजली नाहीत. फळा पाहिला, मग कागद पाहिला. भिंतीकडेची मुले कोण, असे त्यांनी विचारले. संस्थेच्या कोथरूडच्या शाळेतली, शालनबाईंनी सांगितले; कपडे आमचे आहेत, मुले त्यांची आहेत, आज पाहुणी आली आहेत.

"अर्जात अठ्ठेचाळीस लिहिलंय."

"अर्ज चुकला आहे. मुलं बरोबर आहेत."

रावसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. अध्यक्षांनी कागद घडी न घालता मांडीवर ठेवला आणि हाताने खूण केली, चालू द्या.

तिसरीचा भागाकार होता. शालनबाईंनी टाचण आणले नव्हते. सव्वीस वर्षांत प्रथमच टेबलावर काही नव्हते, आणि त्या मोकळ्या लाकडाची त्यांना विलक्षण भीती वाटली. पन्नास पोळ्या आहेत, एका पानावर सहा वाढायच्या, तर पाने किती? मुलांनी खडूचे तुकडे मांडून वाटले. आठ पाने झाली, दोन उरल्या. पहिलीतला साई, सृष्टीचा धाकटा भाऊ, कुणी न विचारता म्हणाला की उरत नसतात, आई घरी आणते. मुले हसली, समितीतल्या बाई हसल्या, साईसुद्धा हसला. इथवर नेहमीचा पाठ होता. इथे तो संपवून, पाठीवर शाबासकी घेऊन घरी जाता आले असते. शालनबाई फळ्याकडे वळल्या, तिथून पुन्हा वर्गाकडे वळल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याचे उत्तर त्याच्या पोटात नव्हते : "सहा-सहा वाढत गेलो, तर शेवटी उरलेल्या पोळ्या सहा किंवा सहापेक्षा जास्त कधीच का नसतात?"

सतराच्या सतरा हात वर गेले. अध्यक्षांच्या भुवया उंचावल्या. शालनबाईंना मात्र एका दृष्टीत दिसले, की त्यांतले चौदा हात डावे आहेत. ही युक्ती त्यांचीच होती. तरुणपणी एका तपासणीच्या वेळी त्यांनीच ती काढली होती आणि प्रत्येक तुकडीला हसत हसत शिकवली होती : येत असेल त्याने उजवा हात वर करावा, येत नसेल त्याने डावा, पाहणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो आणि शिक्षक उजव्यालाच उठवतो. छात्राध्यापिकांनी ती खाली मुलांपर्यंत पोचवली होती. डावे हात इतके सवयीने, इतके नीट, इतके सरळ वर गेले होते, की त्यांना क्षणभर डोळे मिटून घ्यावेसे वाटले. नाही येत, हे सांगण्याचा मुलांचा एकमेव हात, आणि तो आपण शोभेला लावला. भिंतीकडेने आणखी एक हात वर होता, उजवा, उतावळा, बोटे नाचवणारा. सम्यकाचा. तिला भागाकाराचा नियम ठाऊक असणार. तिच्या पुस्तकात तो चौकटीत छापलेला होता. "आजी, मी सांगते," ती कुजबुजली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले.

"पाहुण्यांनी थोडं थांबायचं," शालनबाई म्हणाल्या. नातीचा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला आणि नजर काढून घेतली. "डावे हात वर ठेवा. खाली घ्यायचे नाहीत. सृष्टी, तू."

सृष्टी गोंधळली. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिले, चूक तर झाली नाही ना म्हणून. "बाई, माहा डावा हाय."

"दिसतोय मला. म्हणूनच तुला विचारते."

ती उभी राहिली. तेलाने चापून बसवलेली वेणी, खरा जुना झगा, तीन वेळा न धुता विटलेला. खोलीत कुणी हलले नाही. अर्धे मिनिट गेले असेल, कदाचित अधिक. मदतीचा एक लहानसा, गोंडस, उत्तराकडे बोट दाखवणारा प्रश्न शालनबाईंच्या जिभेवर आपोआप येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. समितीतल्या बाईंनी पेनाचे टोपण लावले. रावसाहेबांचा श्वास ऐकू येत होता. सृष्टीने मान खाली घातली नाही. ती बाकावरच्या खडूच्या तुकड्यांकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"मले नाही समजलं, बाई," ती म्हणाली, स्वच्छ, भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात. मग तिने खडूचे काही तुकडे बोटाने बाजूला सारले. "सातच पानं वाढली अन् आठ उरवल्या, तं काय होते?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि कागद गोळा केले. समितीला पुढे आणखी दोन ठिकाणी जायचे होते. पाठ पाहण्याची वेळ संपली, असे ते म्हणाले. उत्तर काही आले नाही, आणि आकडा तर त्यांना सतराच लिहावा लागेल. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

"सतराच लिहा," शालनबाई म्हणाल्या. "उत्तर आलं नाही हेही लिहा. तास संपायला अकरा मिनिटं आहेत. आपल्याला बसायचं असेल तर बसा." आणि त्यांनी समितीकडे पाठ केली, फळा पुसला, खडू सृष्टीपुढे धरला.

"ये पुढं. आठ उरवून दाखव. बघू या काय होतं ते."